वाईट बापाचं काम

सुई अजून सिरिंजला लागलेलीसुद्धा नसायची, तोच हा माणूस म्हशीच्या मानेवर हात ठेवून सांगायचा, "झालं बापा, झालं. आता नाई दुखत."

शुद्ध थाप! पण म्हैस ती खरी मानायची. कान पाडून उभी राहायची आणि टोचून झालं की आपण उगाच घाबरलो अशा चेहऱ्याने निघून जायची. मी एकदा म्हटलंही, "भाऊ, टोचायच्या आधीच झालं म्हणता, हे खोटं नाही का?" तर म्हणाले, "आधी सांगतलं त धीर येते जी. नंतर सांगून का फायदा?"

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात आम्ही दोघे बरोबर होतो. मी वर्ध्याकडून बदलून आलेला पर्यवेक्षक, ते तिथलेच, परिचर. नाव सांगत नाही. सारं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणतो. आमची घरंही एकाच गल्लीत होती, त्यामुळे दिवसभर दवाखान्यात आणि संध्याकाळी अंगणात, असा दोन्हीकडून हा माणूस मला पाहायला मिळाला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. इतका हळू बोलणारा, की त्याचं ऐकायला आपल्यालाच पुढे वाकावं लागतं. भाऊ फोनवर बोलायचे तेव्हा पलीकडचा माणूस दर दोन वाक्यांनी "हॅलो? हॅलो?" करायचा. वहिनी वैतागायच्या. "अवो, जरा मोठ्यानं बोलत जा नं! चोरी करून राहिले का?" त्यावर भाऊ हसायचे. ते हसणंही असं, की फक्त खांदे हलायचे, आवाज काही यायचा नाही.

मी गावात रुजू झालो तो पावसाळ्यात. दिवाळी झाली आणि गावची मंडई आली. आमच्याकडे जत्रा असते. इथे मंडई म्हणजे जत्रा, पाहुणचार आणि सोयरिकी जुळवण्याचा हंगाम, सगळं एकत्र. घराघरात लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लग्नाच्या पोरापोरींची घरं एकमेकांना हळूच पारखून घेतात. आणि रात्री शामियान्यात नाटक. मला सगळ्यांनी आग्रहाने पुढे बसवलं. पडदा उघडला. झुपकेदार मिशांचा एक राकट म्हातारा रंगमंचावर आला आणि असा काही गरजला, की माझ्या शेजारचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. शेताच्या तुकड्यासाठी पोटच्या पोरीला एका म्हाताऱ्या दारुड्याच्या गळ्यात बांधणारा बाप होता तो. बायका बसल्या जागेवरून त्याला शिव्या मोजत होत्या. मलाही त्या माणसाचा मनापासून संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दवाखान्यात झाडू मारत होते. कानामागे काळा रंग राहिला होता.

"भाऊ, ते तुम्ही होता?" मी किंचाळलोच.

"मिशी सरळ होती नं जी?" त्यांनी विचारलं. एवढीच काळजी होती त्यांना.

तेव्हापासून मी त्या नाटकमंडळीत ओढला गेलो. माझा आवाज स्पष्ट म्हणून मला प्रॉम्प्टर केलं. दिग्दर्शक म्हणजे गावातले टेलर मास्तर. गळ्यात टेप तसाच ठेवून तालमीला यायचे आणि कोणी चुकलं की त्याच टेपने खांबावर फटके मारायचे. नायक बदलत, नायिका तर दर वर्षी वडशाच्या नाटक कंपन्यांकडून येणारी नवीच असे. पण खलनायक एकच. दुसऱ्या कोणाला ते काम द्यायचा विचारही कोणी केला नाही. लसीकरणाला गावोगाव जाताना भाऊ पुढे सायकलवर, मी मागे, आणि वाटेतल्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, ते आपली भाषणं ऐकवत जायचे. खदाखदा हसायचा सराव दवाखान्याच्या आवारात, उपचारासाठी लाकडी खोड्यात बांधलेल्या बैलासमोर चालायचा. बैल धानाच्या तणसातून तोंड वर काढत नसे. "ह्याले काई पटत नाई," असं म्हणून भाऊ पुन्हा हसून दाखवायचे.

या कीर्तीचे चटकेही बसत. एकदा एक म्हातारी बकरी घेऊन आली. भाऊ बकरीला धरायला पुढे झाले तर तिने त्यांचा हात झटकला. "दूर हो! पोटच्या पोरीले इकलं तू. माह्या बकरीले हात नोको लावू." शेवटी बकरी मी धरली आणि भाऊ कोपऱ्यात उभे राहून खांदे हलवत होते. मोहाडीच्या बाजारात वांगेवाली त्यांना वरून दोन मिरच्या कधी टाकत नसे. मला टाकायची.

या माणसाला एकच मुलगी होती. रंजू. भाऊंचं सगळं आयुष्य तीन गोष्टींत मावलं होतं: दवाखाना, नाटक आणि रंजू. पण त्यात पहिली रंजूच. ती भंडाऱ्याला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती, तेव्हा दर रविवारी डबा घेऊन जायचे. बसमधल्या गर्दीत डबा पोटाशी धरून उभे. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली थांबायचे, आत जायला लाजायचे. वडे पोचेपर्यंत गार होऊन दगड झालेले असत, तरी रंजूच्या मैत्रिणी त्यांच्या वाटेवर डोळे लावून बसत म्हणे. परत आले की मी विचारायचो, काय बोललात? "काई नाई. ती खात होती, मी पाहत होतो." झाला यांचा रविवार.

तिथेच शिकताना रंजूला कोंढ्याचा एक मुलगा आवडला. घरचा शेतकरी, पवनीला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. पोरीने आईला सांगितलं, आईने भाऊंना. भाऊंनी मला सांगितलं ते दवाखान्याचं कपाट आवरत, पाठमोरं राहून. "पोट्टीनं पाह्यला हाय जी एक पोरगा. चांगला असन. तिची नजर चुकत नाई."

बोलणी करायची कधी? अर्थात मंडईला. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आजी असे पाहुणे आले. आजीच्या शब्दाबाहेर त्या घरात पानही हलत नव्हतं. वाळलेल्या अंगाची, काठी टेकत चालणारी, डोळे मात्र घारीचे. संध्याकाळी वडे खाल्ले, रंजूशी गोड बोलली, तिच्या गालावरून हात फिरवला. सगळं जमल्यातच जमा होतं. औपचारिक बोलणी सकाळी करू म्हणाले. आणि रात्री पाहुण्यांना नाटकाला नेलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही! इतकी वर्षं नाटक करणारी माणसं आम्ही, आणि त्याही वर्षी वाईट बापच होता भाऊंकडे, पहिल्यापेक्षा सवाई. आजीला मानाने पहिल्या रांगेत सतरंजी घातली होती. भाऊंना वाटलं, व्याही पाहायला आलेत, काम चोख झालं पाहिजे. असे रंगले, असे रंगले, की नायिकेला ढकलताना ती खरंच धडपडली.

सकाळी आजीने चहाला हात लावला नाही.

"असल्या घरची पोरगी आमाले नाई पाह्यजे," ती म्हणाली. अंगणात आम्ही सगळे उभे होतो.

तिचा मुलगा ओशाळला. "आई, ते नाटक होतं वो!"

"नाटक होतं हे मलेई समजते. मी का येडी हावो? पण मनात असल्याबगर तोंडात येते का? जो बाप पोटच्या पोरीले इकते, तो सोयऱ्याले का सोडन?"

एरवी कोणी असं म्हटलं असतं तर आम्ही हसून लोटपोट झालो असतो. पण आत, दाराच्या फटीतून रंजूची साडी दिसत होती. भाऊ हात जोडून उभे राहिले. तोंडातून शब्द निघेना. आणि निघाला असता तरी म्हातारीला ऐकू आला नसता. पाहुणे निघून गेले.

त्यानंतर भाऊंनी नाटक सोडलं. रंगाची पेटी आणि मिशा टेलर मास्तरांच्या दुकानात ठेवून आले. मास्तरांनी विनवण्या केल्या, सरपंच घरी येऊन बसले. भाऊंचं एकच: "पोट्टीचं लगन मोडून मी कायचं नाटक करू?" मुकाट्याने सायकल चालवायचे. जनावरांना धीर द्यायचे तेवढेच काय ते शब्द. रंजूला पवनीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. दुसरं स्थळ पाहायला ती तयार नव्हती आणि तो मुलगाही नव्हता. पण आजीला डावलून लग्न करायला दोघांचंही मन होत नव्हतं. मला फार वाईट वाटायचं. दोष द्यावा असा एकही माणूस त्या सगळ्या प्रकरणात नव्हता, आणि तीन माणसं झुरत होती.

पुढच्या दसऱ्याला रंजू घरी आली. बापाला रिकामं बसलेलं पाहून ती भडकली. मी ओट्यावरच होतो.

"बाबा, नाटक काहून सोडलं तुमी?"

"तुह्यासाठीच नं बाई."

"मी म्हणलं होतं का? मले असा चूप बाप नाई पाह्यजे. करा नाटक. फक्त औंदा चांगल्या माणसाचं करा. आजीले मी घेऊन येतो पाहाले."

ही युक्ती पवनीच्या त्या मोटारपंपवाल्याची होती, हे मागाहून कळलं. नाटकाने बिघडलं तर नाटकानेच सुधारेल, असा त्याचा साधा हिशेब. मास्तरांनी आनंदाने मायाळू बापाचं काम असलेलं नाटक शोधलं. शेवटच्या अंकात लेकीची पाठवणी, आणि त्यात बापाला पानभर भाषण. दगडालाही पाझर फुटेल असं.

तालीम सुरू झाली आणि आम्ही कपाळाला हात लावला. भाऊंना ते काम येईना! आवाज फुटेना, हात कुठे ठेवावा कळेना. "लेकी, तू माझ्या काळजाचा तुकडा" हे वाक्य ते असं म्हणायचे, जसं कोणी पोलिसांना पत्ता सांगतंय. मास्तरांनी टेपचा फटका मारून विचारलं, "भाऊ, तुमी पोरीवर माया करून राहिले का बैल धरून राहिले?" रोज तेच. तालमीतली पोरं तोंड फिरवून हसायची.

घरी परतताना मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही तर एवढे चांगले बाप आहात. हे तर तुम्हाला झोपेतही जमायला हवं."

ते सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "वाईट माणसाचं बरं असते जी. तो आपला नसते, कसाई नाचवता येते. हा त मीच हावो. मी मले कसा करू?"

मंडई आली. आजी आली. नातवाने काय शपथा घातल्या कोण जाणे, पण आली, आणि पहिल्या रांगेत काठी आडवी टाकून, ओठ मिटून बसली. मी विंगेत संहिता घेऊन. पहिले दोन अंक भाऊंनी कसेबसे ढकलले. पाठवणीचा प्रवेश आला. वडशाची मुलगी हिरव्या साडीत पाया पडायला वाकली. मी ओळ दिली. भाऊ गप्प. मी पुन्हा दिली, मोठ्याने दिली. मागच्या रांगेलाही ऐकू गेली असेल. भाऊ त्या मुलीकडे पाहतच राहिले. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. मास्तरांनी विंगेत डोकं धरलं.

घाईघाईत कपडे बदलताना त्या मुलीची वेणी अर्धी सुटली होती. भाऊ तिच्या मागे गेले. सुटलेले केस हातात घेतले, बोटांनी विंचरले, तीन पेड केले आणि सावकाश वेणी घालायला लागले. एक गोष्ट सांगायची राहिलीच. रंजू लहान असताना वहिनी बांधीवर कामाला जायच्या, तेव्हा शाळेच्या वेण्या भाऊच घालायचे. शेपटाला शेवटी एक उलटी गाठ मारायचे, दिवसभर सुटू नये म्हणून. तशीच गाठ त्यांनी मारली. एकदा हलकेच ओढून पाहिली. मग त्या मुलीच्या पाठीवर थोपटून बाजूला झाले आणि शेल्याने तोंड पुसलं. रंग सगळा गालांवर उतरला होता.

शिट्ट्या कधी थांबल्या ते मला कळलं नाही. पडदेवाल्याने गोंधळून पडदा सोडला. भाषण राहिलं ते राहिलंच.

भाऊ आत येऊन कोपऱ्यात बसले. "गेलं जी सारं," म्हणाले. "माह्या हातानं गेलं."

सकाळी आम्ही अंगणात चूल पेटवत होतो, तोच काठी वाजली. आजी एकटीच आली होती, मुलाला, सुनेला मागे टाकून. खाटेवर बसली. वहिनींना म्हणाली, "चहा ठेव बाई. साखर जास्त टाकजो."

मग भाऊंकडे वळली. "तुले नाटक येत नाई."

"नाई जी," भाऊ म्हणाले.

"बोलणं कोणालेई पाठ करता येते. तशी वेणी काई एका दिवसात शिकत नाई कोणी." तिने चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायली. "पोरगी आमची झाली. अन् आइक, पुढच्या मंडईले तो वाईट बापच करजो. ह्या चांगल्यात काई दम नाई."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. लग्नात भाऊ रडले नाहीत. सगळं रडणं शामियान्यात होऊन गेलं होतं, असं वहिनी म्हणायच्या.

पुढची किती तरी वर्षं आजी दर मंडईला आली. रंजूच तिला घेऊन यायची, पुढे कडेवर बाळ आणि हातात आजी अशी. पहिली रांग ठरलेली. पडदा उघडायच्या आधी भाऊ मला विचारायचे, "आजी बसली का?" ती बसल्याशिवाय घंटा वाजवू द्यायचे नाहीत. आणि भाऊ रंगमंचावर आले की म्हातारीच्या अंगात बळ यायचं. "मेल्या, तुले किडे पडतीन!" अशी ती सुरू व्हायची ते अंक संपेपर्यंत. शिव्या जितक्या जास्त तितके भाऊ खुलायचे. सकाळी दोघे एका खाटेवर बसून वडे खायचे. "काल जरा कमी दिल्या जी शिव्या," भाऊ म्हणायचे. "घसा बसला होता रे," आजी म्हणायची. असे व्याही मी दुसरे पाहिले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी उरकत आली होती तेव्हा, भाऊ सकाळी चहा घेऊन खाटेवर टेकले ते टेकलेच. आजार नाही, दुखणं नाही. मी निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहायला गेलो होतो. धावत पोचलो तेव्हा गल्लीत माणूस मावत नव्हता. त्यांना शिव्या देणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून ओट्यांवर बसल्या होत्या. बैलजोड्या घेऊन शेतावर निघालेले लोक तसेच वाटेत थांबले होते.

तेरवीला हार घालायला फोटो शोधू लागलो तर पंचाईत. जेवढे फोटो सापडले त्यात भाऊंना झुपकेदार मिशा, नाही तर हातात चाबूक. शेवटी लसीकरण शिबिराचा एक फोटो मिळाला. तो मोठा करून आणला, पण कोपऱ्यात बैलाचं एक शिंग राहिलंच. रंजूने झेंडूचा हार असा सारला की शिंग झाकलं जाईल. वहिनींनी तो परत बाजूला केला. "राहू दे," म्हणाल्या. "सोबत असन त त्याहीले करमन."

दिवाळी झाली, मंडई आली. यंदा नाटक नको असं बरेच जण म्हणत होते, पण वहिनीच म्हणाल्या, होऊ द्या. वडशाहून खलनायक आणला. तरणा, उंचापुरा, काम पक्कं, आवाज मायकाविनाही गावाबाहेर जाईल असा. मास्तरांनी बोलावलं म्हणून प्रॉम्प्टिंगला मीच होतो. रंजू आजीला घेऊन आली. आजी आता नव्वदीकडे झुकलेली, कमरेत पार वाकलेली. रंजूने तिला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

नवा खलनायक आला, गरजला. मागच्या बायका दचकल्या, चार शिव्याही पडल्या. मी विंगेतून आजीकडे पाहत होतो. ती हाताची घडी घालून बसली होती. त्याने पोरीला ढकललं, खदाखदा हसला, चाबूक आपटला. आजीच्या तोंडातून एक शब्द नाही. डोळे बारीक करून ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, दूरच्या माणसाची ओळख पटवावी तशी.

पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि तिने काठी उचलली.

"ऊठ बाई रंजू. घरी चल."

"काहून आजी? दोन अंक राह्यले आहेत अजून."

"असू दे. इथं आता वाईट कोणी राह्यलं नाई."

रंजूने सतरंजी गुंडाळली. दोघी एकमेकींना धरून, माणसांतून वाट काढत, शामियान्याबाहेर गेल्या.